'आर्बोरायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : चेतापेशी कशा वाढतात यावर मराठीत लिहितेय. डेंड्राइटला (संदेश घेणारे फाटे) 'वृक्षिका', अ‍ॅक्सॉनला (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) 'अक्षतंतू' ठरलेलेच आहेत. पण वृक्षिकांना फाटे फुटत जातात त्या क्रियेला काय? 'वृक्षीभवन' लिहून पाहिलं, बाळसं धरत नाही.

प्रतिसाद १ : क्रियेला 'शाखन', तयार आकृतीला 'शाखाविस्तार'. उदा. 'अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) पुर्किंजे या चेतापेशीचा शाखाविस्तार एकाच प्रतलात, चपटा असतो.'

प्रतिसाद २ : 'शाखन' ठीक, 'विस्तार'ला माझी हरकत. पेशी नुसती पसरत नाही. वाढत्या फांदीतून बारीक तंतू सारखे बाहेर डोकावतात आणि बरेचसे परत आत जातात. टिकलेल्यांतल्या काहींच्याच फांद्या होतात. शिवाय एकाच पेशीच्या फांद्या एकमेकींना टाळतात. फळमाशीत डीस्कॅम-१ या एका जनुकापासून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं बनू शकतात. प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्यातली मोजकीच येतात. दोन फांद्या भिडल्या आणि प्रथिनं जुळली, की 'ही आपलीच' म्हणून त्या दूर होतात. शेजारणीची प्रथिनं वेगळी, त्यामुळे तिच्या फांदीवरून खुशाल जाता येतं. एवढी आखणी असेल तर 'शाखाविन्यास' म्हणा.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि प्रुनिंगला, म्हणजे फुटलेले फाटे पुन्हा कमी होण्याला, सरसकट 'छाटणी' चालेल?

प्रतिसाद ३ : सरसकट नको. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी म्हणजे कात्री लावून काडी तोडणं. फळमाशीच्या कोषावस्थेत काही संवेदी पेशींच्या वृक्षिका बुडाशी तुटतात, तुकडे आजूबाजूच्या त्वचापेशी गिळून टाकतात. ती छाटणी, बिनधास्त लिहा. उंदराच्या पुर्किंजे पेशीला मात्र सुरुवातीला बरेच फाटे असतात. त्यातले बहुतेक ती मागे घेते आणि सहसा एकच मुख्य फांदी जोमानं वाढवते. इथे तुटून काही पडत नाही, मग छाटणी कसली?

प्रतिसाद २ : तिथे 'आखडून घेते' लिहा. हात आखडता घेतात, तसं. नवा शब्द पाडायची गरज नाही.

प्रश्नकर्ती : चालेल. मथळ्यात 'शाखाविन्यास', मजकुरात 'शाखन', तुटण्याला 'छाटणी', पुर्किंजेला 'आखडून घेते'. 'वृक्षिका'चं अनेकवचनही 'वृक्षिका'च ना?

प्रतिसाद १ : हो, एक पत्रिका, दोन पत्रिका. 'वृक्षिकें' करू नका.