१९९३च्या जे-लीगचा तक्ता: गुण छापायचे की नाहीत?

विषय: दिवाळी अंक – जे-लीगच्या पहिल्या मोसमाचा तक्ता
प्रेषक: अंकसंपादक

नमस्कार मंडळी,

यंदाच्या अंकात जे-लीगच्या, म्हणजे जपानच्या व्यावसायिक फुटबॉल साखळीच्या, पहिल्या मोसमावर चार पानं आहेत. मजकूर आणि छायाचित्रं आली आहेत, तक्ता राहिला आहे. हाताशी दोन तक्ते आहेत. एकात 'गुण' आणि 'बरोबरी' असे रकाने आहेत, दुसऱ्यात फक्त जय-पराजय. छापायचा कुठला? खाली दोन-तीन ओळींची टीप बसेल, त्याहून जास्त जागा नाही. जाणकारांनी कृपया लवकर लिहावं.

प्रेषक: उरावाकर

संपादकताई, नमस्कार.

दुसरा घ्या. १९९३ साली जे-लीगमध्ये गुणही नव्हते आणि बरोबरीही नव्हती. ९० मिनिटांत निकाल लागला नाही तर १५-१५ मिनिटांचा जादा वेळ, त्यात पहिला गोल झाला की सामना तिथेच संपला. तोही झाला नाही तर पेनल्टी. म्हणजे प्रत्येक सामन्यात एक जिंकणार आणि एक हरणार. क्रम लावायचा तो जिंकलेल्या सामन्यांवर, ते सारखे असतील तर गोलफरकावर. नव्या प्रेक्षकाला निकालाशिवाय घरी पाठवायचं नाही, असा त्यामागचा विचार होता आणि त्या काळापुरता मला तो पटतो. खेळाडूंचे मात्र हाल झाले. मोसमाच्या दोन टप्प्यांपैकी पहिला १५ मे ते ७ जुलै एवढ्याच दिवसांत १८ फेऱ्यांचा, बुधवारी आणि शनिवारी सामने, त्यात मधूनच १२० मिनिटं धावायचं.

तक्ता छापण्याआधी बेरीज तपासा. दहा संघ, प्रत्येकाचे एका टप्प्यात १८ सामने, म्हणजे एका टप्प्यात एकूण ९० सामने. जय या रकान्याची बेरीज ९० यायलाच हवी. पहिल्या टप्प्याचे (सनटोरी सीरीज) जय असे:

काशिमा अँटलर्स १३, वेर्दी कावासाकी १२, योकोहामा मारिनोस ११, शिमिझु एस-पल्स १०, जेफ युनायटेड इचिहारा ९, सान्फ्रेचे हिरोशिमा ९, योकोहामा फ्लुगेल्स ८, गांबा ओसाका ८, नागोया ग्रँपस एट ७, उरावा रेड डायमंड्स ३.

बेरीज ९०. कोणी एखादा १-१ 'बरोबरी' म्हणून नोंदवला असेल तर ही बेरीज लगेच कमी भरते.

गोलांच्या रकान्यात चूक शोधणं जास्त अवघड. जादा वेळेतला गोल धरायचा, पेनल्टी शूटआउटमधले गोल धरायचे नाहीत. पण कोणी ते धरले, तर केलेले आणि झालेले असे दोन्ही रकाने सारखेच वाढतात, त्यामुळे सगळ्या संघांच्या गोलफरकाची बेरीज शून्यच राहते आणि चूक लपते. ती पकडायची तर प्रत्येक संघाच्या गोल करणाऱ्यांची यादी घ्या, त्यात प्रतिस्पर्ध्याचे स्वयंगोल मिळवा आणि 'केलेले गोल' या आकड्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर त्या संघाचे पेनल्टीवर गेलेले सामने आधी उघडा.

आमचा उरावा दोन्ही टप्प्यांत तळाला होता. तो तसाच छापा. कोमाबाच्या, म्हणजे उरावाच्या घरच्या, मैदानावर तरीही लोक येत राहिले, ही त्या मोसमातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही रकान्यात बसत नाही. मजकुरात तिला जागा द्या.

प्रेषक: काशिमाकर

नमस्कार. उरावाकरांचं सगळं बरोबर. विजेतेपदाबद्दल भर घालतो, कारण तिथे हमखास घोळ होतो.

दोन टप्प्यांची बेरीज करून विजेता ठरलेला नाही. पहिला टप्पा काशिमाने जिंकला, दुसरा (निकोस सीरीज, २४ जुलैपासून १५ डिसेंबरपर्यंत) वेर्दीने. मग या दोघांत दोन सामन्यांची चॅम्पियनशिप झाली, ९ आणि १६ जानेवारी १९९४ला, दोन्ही टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर. पहिला वेर्दी २-०, दुसरा १-१, एकूण ३-१. म्हणून मोसम १९९३चा आणि विजेता ठरला १९९४ मध्ये. तारीख देताना सांभाळा. दुसऱ्या सामन्यात वेर्दीला पेनल्टी मिळाली तेव्हा काशिमाचा झिको चेंडूवर थुंकला आणि मैदानाबाहेर काढला गेला, पेनल्टीवर गोल वेर्दीच्या काझुयोशी मिउराने केला. हे सामने साखळीच्या ३६ सामन्यांत मोडत नाहीत. मारिनोसच्या रामोन दियाझचे सर्वाधिक २८ गोल आहेत ते साखळीचे.

१ जानेवारी १९९४ला फ्लुगेल्सने काशिमाला ६-२ हरवलं ती सम्राट चषकाची अंतिम लढत. ती वेगळी स्पर्धा, या पानावर नको.

संघांची नावं त्या वर्षीचीच ठेवा. 'एफ मारिनोस' हे फ्लुगेल्सच्या विलीनीकरणानंतरचं, १९९९चं नाव. 'टोकियो वेर्दी' २००१पासूनचं. आणि वेर्दीची मालक कंपनी असलेल्या योमिउरी वृत्तपत्रसमूहाच्या तेव्हाच्या कात्रणांत 'योमिउरी वेर्दी' दिसेल, ते उचलू नका. क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं, हा लीगचे तेव्हाचे अध्यक्ष साबुरो कावाबुची यांचा आग्रह होता आणि त्यावरून योमिउरीशी त्यांचा जाहीर वाद झाला. मुंबईच्या हारवूड लीगमधले टाटा, महिंद्रा हे संघ ज्यांनी पाहिलेत त्यांना हा मुद्दा चटकन कळेल. जपानची आधीची लीगही अशीच कंपन्यांच्या संघांची होती: मित्सुबिशीचा उरावा झाला, निसानचा मारिनोस, सुमितोमो मेटलचा काशिमा. शिमिझुच्या मागे मात्र असा कंपनीचा संघ नव्हता.

छायाचित्रांच्या ओळी लिहिताना पाठीवरच्या क्रमांकावर विसंबू नका. त्या सामन्याला सुरुवातीला उतरणाऱ्यांना १ ते ११ मिळायचे, कायमचे क्रमांक १९९७पासून आले. चेहरा किंवा सामन्याची संघयादी पाहूनच नाव द्या. गणवेशावरून मात्र एक गोष्ट कळते: साखळीचे सगळ्या संघांचे गणवेश तेव्हा मिझुनोचे असत. दुसऱ्या कंपनीचं चिन्ह दिसलं तर ते छायाचित्र बहुतेक चषक सामन्याचं आहे.

प्रेषक: अंकसंपादक

दोघांचेही आभार. एक शंका: आजच्या वाचकाला गुणांची सवय आहे. जय गुणिले ३ करून गुण दाखवले तर बिघडेल का? आणि पहिल्या फेरीची चौकट करायची आहे, निकाल कोणी देईल का?

प्रेषक: उरावाकर

ताई, गुण घालू नका. हरलेल्याला शून्यच असल्यामुळे तीनने गुणून क्रम तसूभरही बदलत नाही. काशिमासमोर १३ऐवजी ३९ दिसेल, एवढंच. आणि ९० मिनिटांचे निकाल धरून बरोबरीला १ गुण दिला तर ते खोटं होईल. ८५व्या मिनिटाला १-१ असताना एका गुणासाठी मागे बसण्यात कोणालाच फायदा नव्हता, संघ त्या हिशेबाने खेळलेच नाहीत. गुण आले १९९५ला: जयाचे ३, पेनल्टीवर हरल्यास १. १९९७ला ९० मिनिटांतल्या जयाचे ३, जादा वेळेतल्या जयाचे २, पेनल्टीवरच्या जयाचा १. १९९९ला पेनल्टी गेल्या आणि बरोबरी आली, २००३ला जादा वेळही गेला. पुढच्या वर्षांचे तक्ते करणार असाल तर प्रत्येक वर्षाचा नियम आधी पाहा, एकाच साच्यात ओतू नका.

पहिली फेरी: १५ मेला एकच सामना, राष्ट्रीय स्टेडियमवर, वेर्दी १ मारिनोस २, प्रेक्षक ५९,६२६. लीगचा पहिला गोल वेर्दीच्या हेनी मायरचा, १९व्या मिनिटाला. नंतर मारिनोसकडून एव्हर्टन आणि दियाझ. १६ मेला बाकीचे चार: काशिमा ५ नागोया ०, त्यात झिकोचे ३ आणि अल्सिंदोचे २. फ्लुगेल्स ३ शिमिझु २. हिरोशिमा २ जेफ १. गांबा १ उरावा ०. यातला फ्लुगेल्स-शिमिझु सामना जादा वेळेत संपला, तेव्हा चौकटीत त्याला वेगळी खूण लागेल.

या आणि पुढच्या निकालांत जादा वेळेतला जय फुलीने आणि पेनल्टीचे आकडे कंसात दाखवा. टीप अशी चालेल: "१९९३ मध्ये गुण व बरोबरी नव्हती. क्रम जिंकलेल्या सामन्यांवर, मग गोलफरकावर. पेनल्टी शूटआउटचे गोल धरलेले नाहीत. विजेता: वेर्दी कावासाकी, चॅम्पियनशिप ३-१, जानेवारी १९९४."