फणसाच्या फळ्या पाडताना चेनला तेलच पोचत नाही

गोठ्यामागे (कुडाळ)
मंडळी, मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या गोठ्यामागचा फणस आडवा झाला, तो तिथेच पडून होता. वरचं पांढरं लाकूड वाळवीने संपवलं, पण आतला पिवळा गाभा अजून खणखणीत आहे. पावणेदोन फूट जाड, नऊ फूट लांब. परसात गाडी उतरत नाही, म्हणून सॉमिलचा नाद सोडला. ७० सीसीचं चेन मशीन (चेनसॉ) होतंच, त्याला फळ्या पाडायची फ्रेम आणि २८ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, घेतला.

पहिल्या दोन फळ्या लोण्यासारख्या निघाल्या. तिसरीला अर्ध्यात धूर. मशीन बंद करून बघतो तर बारची कड निळी पडलेली, चेन लोंबायला लागलेली आणि बारच्या टोकाला बोट लावलं तर तेलाचा थेंब नाही. वर थुंकी टाकली तर चर्र! चेन ताणली, पुन्हा लावली, हातभर गेलो की तेच.

चेनला तेल देणाऱ्या पंपाचा स्क्रू फुल केला. तेलाच्या टाकीतली जाळी धुतली. झाकणाला हवेचं भोक असतं म्हणतात, म्हणून झाकण सैल ठेवूनही पाहिलं. (अर्धी पँट तेलात.) दुकानदार म्हणतो पंप बदला. काका ओंडक्यावर बसून म्हणतात, "तुझ्या मशीनपेक्षा माझो कोयतो बरो." पंप खरंच गेला असेल का?

नारळीपाक
आम्ही चेनला खोबरेल घालतो. स्वस्त नाही, पण घरचं असतं आणि वासही बरा.

गोठ्यामागे
डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल चमच्याने खरवडून काढावं लागतं. २४ अंशांच्या खाली ते थिजतं. पंप त्याला काय ओढणार!

चंदगडकर
पंपाला एवढ्यात हात लावू नका. आधी तीन गोष्टी सांगा. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा तेल किती उतरतं? बार शेवटचा कधी उलटा केला? आणि आजवर तेल कुठलं घातलंत? खरं सांगा.

गोठ्यामागे
पेट्रोल पूर्ण संपलं तरी तेल जेमतेम दोन बोटं. बार दुसऱ्या फळीनंतर उलटा केला, एकाच बाजूने झिजू नये म्हणून. तेल सध्या चेन ऑइलच आहे.

बरं, त्याआधी वर्षभर जुन्या १६ इंची बारवर मोटरसायकलचं जळकं ऑइल घालायचो. आणि २८ इंची बार नवा नाही, जुना घेतलाय.

चंदगडकर
आलात रुळावर. स्क्रू फुल असताना एका पेट्रोलमागे तेलाची टाकी तळाला यायला हवी. तुमचं तेल टाकीतच राहतंय.

बारला मशीनच्या बाजूला तेलाची दोन भोकं असतात, एक वरच्या कडेला, एक खालच्या. पंपाचं तेल त्यातल्या एकातूनच बारच्या कडेच्या खाचेत, जिच्यात चेन फिरते तिथे, जातं. बार उलटा केला की दुसरं भोक कामाला लागतं, आणि ते किती दिवस बुजलेलं होतं ते जुन्या मालकालाच ठाऊक. झाड आडवं तोडताना मोठे तुकडे उडतात, ते बाहेर पडतात. फळी पाडताना पिठासारखा भुसा होतो. तो तेल पितो आणि खाचेत लापशीसारखा बसतो. त्यात जळक्या ऑइलची काजळी मिसळली की डांबरच.

बार काढा. इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई नको. डिझेल भरून भोकाला टेकवा आणि दाबा. खाचेतून यायला हवं. नाही आलं तर चोर सापडला. मशीनवर बार जिथे बसतो तिथली तेलाची पन्हळही कोरून काढा, तिथेही भुसा बसतो.

मग चेन बसवा आणि टोक स्वच्छ पुठ्ठ्यासमोर वीतभर लांब धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली की पंप जिवंत आहे. कव्हर काढून मात्र रेस देऊ नका. क्लच बाहेरच्या बाजूला असेल तर अंगावर येईल.

अजून एक. फ्रेममध्ये मशीन कुशीवर असतं. तेल अर्ध्याखाली गेलं की काही मशीनमध्ये नळी हवा ओढते. प्रत्येक फळीला टाकी भरा.

गोठ्यामागे
सिरिंज गुरांच्या औषधाची होती, ५० मिलीची. दाबली, दांडा हलेना. भोकात सायकलची तार घातली, फिरवली, पुन्हा दाबली. फस्स करून मुगाएवढा काळा गोळा उडाला तो थेट काकांच्या धोतरावर. मागून डिझेलची बारीक धार. खाच पत्र्याच्या तुकड्याने ओढत गेलो तर अख्खी सुतळीसारखी काळी वात निघाली.

पुठ्ठ्यावर रेघ उठली. पंपाला काहीच झालं नव्हतं. चेनचे दातही १० अंशांवर घासून घेतले, आधीचे ३० अंश झाड तोडायचे होते. दोन फळ्या निघाल्या, धूर नाही. पण आठव्या फुटाला टोक अजून तापतंय. हात लावता येतो, ठेवता येत नाही.

चंदगडकर
फळीला मशीन नऊ फूट सलग रेसवर राहतं. तेवढ्यात मशीनचं तेल २८ इंचांच्या टोकापर्यंत पुरत नाही. टोकाला वेगळं तेल द्या. आम्ही सलाईनची नळी वापरतो. थेंब पडायची कुपी कापून टाका, जाड तेल तिच्यात अडकतं. नळी आणि बोटाने फिरवायचं चाक तेवढं ठेवा. बाटली फ्रेमला उंच बांधा, थेंब टोकाच्या चक्रीच्या अलीकडे, परतणाऱ्या चेनवर पडू द्या. सेकंदाला एक पुरे. फळी संपली की चाक बंद करा, नाहीतर गोठ्यात तेलाचं तळं.

गोठ्यामागे
चाक बंद करायचं विसरलो. तळं झालं. पण टोक आता कोमट, आणि सात फळ्या निघाल्या. मधे पट्ट्या घालून रचल्यात, टोकांना उरलेला ऑइलपेंट मारलाय. काका सकाळपासून त्यातली सर्वात रुंद फळी हाताने चाचपतायत. झोपाळ्याला हवी म्हणतात.