जुना चेनसॉ दोरी ओढताना उलटा झटका देतो – मदत हवी आहे

आमच्या बागेतला ७० सीसीचा टू-स्ट्रोक चेनसॉ सुरू करताना दोरी हातातून जोरात मागे खेचतो. मनगट दुखावलं आहे, म्हणून तूर्त वापर बंद. मॉडेल जुनं आहे, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारी झडप) नाही. थंड असो वा गरम, झटका सारखाच. जोरात ओढली तर थोडा कमी. एकदा चालू झाला की फणस-आंब्याचं लाकूडही नीट कापतो.

प्लग नवा टाकला, काही फरक नाही. दोरी, स्प्रिंग आणि पॉल (दोरीची फिरकी इंजिनात अडकवणारे खटके) ठीक आहेत. स्पार्कची वीज देणारी कॉइल आणि मॅग्नेट (चुंबक बसवलेलं फ्लायव्हील) यांच्यातलं अंतर ०.३ मिमी ठेवलंय. पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे संपर्क) नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. मॅग्नेट काढून पाहिला: त्याला क्रँकशाफ्टवर ठरल्या जागी धरणारी चावी तुटलेली नाही, पण तिची खाच किंचित रुंद झाल्यासारखी वाटते. माझा संशय तिथेच आहे. स्पार्क लवकर पडून पिस्टन उलटा ढकलला जात असावा.

मॅग्नेट या मॉडेलला मिळत नाही, त्यामुळे 'नवा टाका' हा उपाय जमणार नाही. एवढ्याशा ढिलाईने टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) इतकं आधी सरकू शकतं का? आणि टायमिंग लाइट (ही वेळ तपासायचा दिवा) नसताना, पिस्टन वरच्या टोकाला आणून, ते घरच्या घरी खात्रीने कसं तपासायचं?