हवेतला कार्बन ओढून आपल्या काळ्या पाषाणात पुरावा का? मतं मांडा

कराडकर:
आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीने २०२१ मध्ये ‘ओर्का’ आणि २०२४ मध्ये ‘मॅमथ’ ही केंद्रं सुरू केली. मोठे पंखे हवा ओढतात, गाळणीतलं रसायन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, गाळणी तापवली की तो सुटतो. मग पाण्यात विरघळवून तो जमिनीखाली बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या, थरात सोडतात. दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेकाचं खनिज होतं, म्हणजे अक्षरशः दगड. त्याच जातीचा दगड आपल्या पायाखाली आहे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या तीन किलोमीटरच्या विवरात वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्टच लागला.

कारखानदारीच्या आधी हवेत दर दहा लाख कणांमागे २८० कण कार्बन डायऑक्साइडचे होते, आज ४२० च्या वर आहेत. उद्या जगातली प्रत्येक चिमणी बंद केली तरी वाढलेलं तापमान शेकडो वर्षं फारसं उतरणार नाही. २०१९ चा महापूर सांगलीने पाहिलाय. वर साठलेलं खाली आणायची सोय आत्तापासून उभी करायला हवी, आणि त्यात आपला सातारा-सांगलीचा भाग पुढे असावा असं मला मनापासून वाटतं.

वाळव्याचा ऊसवाला:
सर, तळमळ पटते, पण हिशोब जुळत नाही. हवेत हा वायू ०.०४ टक्के. दहा हजार दाण्यांतले चार दाणे वेचायचे तर राबणूक किती लागेल बघा. आजच्या पद्धतीत एक टन काढायला उष्णता आणि वीज मिळून दोन हजार युनिटच्या वर ऊर्जा जाते. ती कोळशाची असेल तर काढला त्यापेक्षा जास्त धूर सोडला. मॅमथची पूर्ण क्षमता वर्षाला ३६,००० टन, आणि तेवढं प्रत्यक्षात अजून निघालेलं नाही. जग इंधन जाळून वर्षाला ३,७०० कोटी टन सोडतं. म्हणजे मॅमथसारखी दहा लाख केंद्रं हवीत! चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांची वीज आहे ती कोळशाच्या जागी वापरा की. त्याच युनिटात कितीतरी जास्त कार्बन वाचेल.

माणदेशी:
आणि पाणी? बेसाल्टात सोडायच्या पद्धतीत एक टन वायूमागे साधारण २५ टन पाणी लागतं. आमच्याकडे माण-खटावला, पलीकडे आटपाडी-जतला टँकरची वाट बघत उन्हाळा काढतात माणसं. तिथं दगडाला पाजायला पाणी कुठनं आणणार?

पाटणची लेक:
दादा, तुम्ही विवराचा दाखला दिलात, पण ते विवर का घेतलं तेही लक्षात घ्या. ११ डिसेंबर १९६७ ला आमच्या तालुक्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणाच्या पाण्याचा दाब हे त्यामागचं कारण जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलंय, आणि धक्के आजही बसतात. आइसलँडमध्येही, हेलिशेइदी इथं, २०११ मध्ये भू-औष्णिक (जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या) वीज केंद्राचं वापरलेलं पाणी जमिनीत परत सोडताना धक्के बसले होते. आजीच्या तोंडून त्या रात्रीबद्दल ऐकत मोठी झालेय मी. आमच्या खाली दाबाने काहीही सोडू देणार नाही.

कराडकर:
ताई, कोयना खोऱ्यात करा असं मी म्हणणार नाही, भूकंपाच्या पट्ट्यात हा प्रयोग नकोच. पण दख्खनचा पाषाण पार सौराष्ट्रापर्यंत पसरलाय. समुद्राचं पाणी वापरून हेच करता येईल का, यावरही काम चालू आहे.

ऊसवाले, पवनचक्कीचा मुद्दा आजपुरता शंभर टक्के बरोबर. पण विमानं, सिमेंट, खतं यांचा धूर पूर्ण थांबवणं अवघड आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञ मंडळाच्या २०२२ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं सोडू तेवढं परत काढू अशी स्थिती, गाठायचं तर हवेतून कार्बन काढणं टाळता येणार नाही. २०५० ला लागणारं यंत्र २०४९ ला बनवायला घेऊन कसं चालेल?

मिरज जंक्शन:
हे यंत्र कोणाच्या हातात जातंय तेही पाहा. २०२३ मध्ये ऑक्सिडेंटल या अमेरिकी तेल कंपनीने कार्बन इंजिनिअरिंग ही हवेतून कार्बन काढणारी कंपनी विकत घेतली. ‘नंतर काढू’ या आशेवर तेल उपसत राहायची मुभा मिळणार. माझा विरोध तंत्राला नाही, या मुभेला आहे.

वाळव्याचा ऊसवाला:
माझं म्हणणं अजून वेगळं आहे. हवेतून कार्बन ओढायचं काम आपल्या शिवारात ऊस रोज करतो, फुकट उन्हावर. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना एक टन इथेनॉलमागे जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराचसा शुद्ध. काही ठिकाणी तो पकडून सोड्याच्या बाटल्यांना, कोरड्या बर्फाला विकतात, तिथनं परत हवेत. बाकीचा तसाच सुटतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर गावी इथेनॉल कारखान्याचा हाच वायू २०११ ते २०१४ मध्ये सुमारे दहा लाख टन खोल वालुकाश्मात पुरलाय. पंखे नकोत, गाळण्या नकोत. पुरायचंच असेल तर आधी हा पुरा. आणि तोडणीनंतर पाचट पेटवणं बंद करा, त्यासाठी कुठल्या कंपनीचीही गरज नाही.

माणदेशी:
पाचटाचं एकदम मान्य. पण ऊस फुकट उन्हावर वाढतो म्हणता, तो पाणी किती पितो ते नाही लिहिलंत. डिस्टिलरीचा वायू पकडा, जरूर पकडा, फक्त त्यासाठी उसाचं क्षेत्र वाढवायला नको.

कराडकर:
डिस्टिलरीपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. पुरायची विद्या दोन्हीकडे एकच लागते. मात्र सगळ्या कारखान्यांचा मिळून वायू धरला तरी जगाची गरज त्याच्या कैक पट आहे, त्यामुळे पंख्यांवरचं संशोधन थांबवू नये या मतावर मी ठाम आहे.

पाटणची लेक:
मग त्या संशोधनाचा खर्च कोणी करायचा तेही लिहा. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, भारतात दोनच्या. जुलै २०२१ च्या पावसात आंबेघर, मिरगाववर दरड कोसळली, घरांसकट माणसं गेली. त्या वाड्यांचं पुनर्वसन, डोंगरउतारांची पाहणी, वेळेवर इशारा, सरकारी पैसा आधी इथं यावा. पंखे ज्यांनी हवा भरली त्यांनी लावावेत, त्यांच्या खर्चाने.