घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी ध्वनिध्यान: पंधरा मिनिटांत नेमकं काय शिकवावं?

तिन्हीसांज:
डिमेन्शिया आणि पक्षाघाताचे रुग्ण घरी सांभाळणाऱ्या कुटुंबीयांची महिन्यातून एकदा बैठक असते. बहुतेक बायका, वय ४५ ते ७०. शेवटची १५ मिनिटं ध्वनिध्यानाला द्यायची आहेत, पण शिकवू ते घरी रोज करता आलं पाहिजे. घरी सलग दहा मिनिटं मिळतीलच असं नाही. रुग्णाची हाक, खोकला, पलंगाची कुरकुर ऐकू यायलाच हवी. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे झोपेचे तुकडे. काही घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नाहीतर एअर बेडचा पंप दिवसरात्र घुमत असतो. गटातले काही जण सिंगिंग बोल (ठोका दिला की घुमणारा धातूचा वाडगा) घ्यायचा म्हणतात, काही यूट्यूबवरचे ४३२ हर्ट्‌झचे ट्रॅक लावतात. यातलं काय ठेवावं, काय सोडावं?

खर्जपंचम:
पहिल्या बैठकीत फक्त भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम. ऐकायच्या ध्यानात कान गुंततो, आणि या मंडळींचा कानच मोकळा राहायला हवा. शिवाय नुसतं ऐकत बसलं की मन औषधांच्या वेळांवर जातं. स्वतः गुंजारव करताना श्वास संपत आला की लक्ष आपसूक परत येतं.

खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला. ओठ मिटलेले, पण दातावर दात नको. नाकाने साधा श्वास घ्यायचा, छाती फुगवायची नाही. मग 'म्‌ऽऽऽ' करत ८ ते १० सेकंदांत सोडायचा. पुढच्या फेरीआधी एक साधा श्वास येऊ-जाऊ द्यायचा. सहा फेऱ्या दोन मिनिटांच्या आत होतात, आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्येही बसतात.

चित्रात दाखवतात तशी कानांत बोटं घालायची नाहीत, हाक ऐकू येणार नाही. आणि त्यावाचून भ्रामरी अपुरी राहते असंही नाही. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी कान झाकायचं घेरंडसंहितेत आहे, हठयोगप्रदीपिकेतल्या भ्रामरीच्या श्लोकात नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे जोर. घशातून आवाज रेटला की मान आखडते आणि शेवटी डोकं दुखतं. तर्जनी नाकाच्या हाडावर हलकी टेकवून पाहायला सांगा. तिथे थरथर लागली तर ठीक. नुसता घसाच हलत असेल तर आवाज निम्मा करायचा. दुसरी चूक, फेऱ्यांच्या मध्ये मोठमोठे श्वास ओढणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात. अशा वेळी फेऱ्या थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी सुट्टी.

एक गोष्ट बैठकीत कुणीतरी नक्की काढेल, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: गुंजारवाने नाकातला नायट्रिक ऑक्साइड १५ पट वाढतो. स्वीडनमध्ये २००२ साली ते मोजलं गेलंय, खोटं नाही. पण तो आकडा नाक आणि सायनसमधली हवा खेळण्याबद्दल आहे, ताणाबद्दल नाही. ताणाच्या बाबतीत उपयोगी पडतो तो लांबलेला उच्छ्वास. इटलीत २००१ साली २३ जणांवर तपासलं तेव्हा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणिपद्मे हुं' या दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. म्हणजे ज्यांना 'म्‌ऽऽ' परकं वाटतं त्यांनी एका उच्छ्वासात सावकाश तीनदा 'रामकृष्णहरी' म्हटलं तरी काम तेच.

तांबटआळी:
बोल अगदीच मोडीत काढू नका. गटाला सुरुवात आणि शेवट कळायला तो छान. फक्त सात धातू मिसळलेत या 'सप्तधातू'च्या गोष्टीचे जादा पैसे मोजू नका. बहुतेक बोल साध्या काशाचे असतात, तांबं साधारण ७८ टक्के, कथील २२. विकत घेताना उघड्या तळहातावर ठेवा आणि चामडं गुंडाळलेल्या दांडीने काठाच्या थोडं खाली हलका ठोका द्या. नाद अर्धा मिनिट तरी टिकावा. मध्येच झर्रकन फाटला तर तडा आहे, ठेवून द्या. बोटं काठाला लागली तर चांगला बोलही मुका होतो. नवशिक्यांची निम्मी तक्रार तीच.

काठावर घासताना दांडी खडखडते ती वेग जास्त आणि दाब कमी म्हणून. वेग निम्मा करा, दाब वाढवा. हाताने ठोकलेला बोल सगळीकडे सारखा नसतो, म्हणून त्यातून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन सूर निघतात आणि नाद 'वाँव-वाँव' हेलकावतो. दोन सुरांत ४ हर्ट्‌झचा फरक असेल तर सेकंदाला ४ हेलकावे. चमत्कार नाही, साधी बेरीज-वजाबाकी.

पुरावा बेताचा आहे. २०१७ सालच्या अमेरिकेतल्या पाहणीत ६२ जणांचा ताण बोलच्या सत्रानंतर कमी झाला, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तेवढा वेळ नुसतं आडवं पडून काय झालं असतं ते त्यावरून कळत नाही. आणि डिमेन्शियाचा रुग्ण त्याच खोलीत असेल तर ठोका देऊच नका. अचानक आलेल्या आवाजाने तो दचकतो, बिथरतो, आणि पुढचा तासभर त्याला शांत करण्यात जातो.

४३२ बद्दल: वाद्यं जुळवायचं नेहमीचं प्रमाण ४४० हर्ट्‌झ. ते आणि ४३२ यांत जेमतेम एक तृतीयांश अर्धस्वराचा (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा) फरक. आपल्याकडे सा गळ्याप्रमाणे लावतात, तिथे एखाद्या आकड्याला सोवळं कसलं?

मंद्रसप्तक:
वर राहून गेलं: थेट काळजीवाहकांवरच झालेला एक अभ्यास आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेलन लॅव्हरेट्स्की यांच्या गटाने डिमेन्शियाच्या रुग्णांना सांभाळणारे ३९ कुटुंबीय घेतले. काहींनी ८ आठवडे रोज १२ मिनिटं कीर्तनक्रिया केली, बाकीच्यांनी तेवढाच वेळ शांत संगीत ऐकलं. नैराश्याची लक्षणं क्रिया करणाऱ्यांत जास्त कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण इथे तुलना आहे.

कृती: 'सा-ता-ना-मा'. हे सारेगमतलं सा नव्हे, 'सतनाम'ची फोड आहे. दोन्ही हातांचा अंगठा सा ला तर्जनीला, ता ला मधल्या बोटाला, ना ला अनामिकेला, मा ला करंगळीला टेकवायचा. चाल 'ग रे सा रे'. २ मिनिटं मोठ्याने, २ कुजबुजत, ४ मनात, पुन्हा २ कुजबुजत, २ मोठ्याने. बोटं मनातल्या चार मिनिटांतही चालूच. तिथेच ती थांबतात आणि डुलकी लागते, म्हणून गटात एकाने मांडीवर हलका ताल धरावा. मध्येच हाक आली तर उठायचं. परत आल्यावर पहिल्यापासून नाही, राहिलं तिथून.

तिन्हीसांज:
मोठ्याने म्हणायला बऱ्याच जणी लाजतात. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं तर? आणि मशीनच्या आवाजाचं काय करायचं?

खर्जपंचम:
तानपुरा लाज घालवतो, लावा. पट्टी शोधायला सोपी युक्ती: कुणी काही विचारलं की आपण आळसावून 'हं' म्हणतो, तो सूर धरा. पुरुषांचा बहुधा काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो. बायकांना अ‍ॅप काळी चार-पाच सुचवतं, पण ती गाण्याची पट्टी. गुंजारवाला तिच्या खालचाच सूर सोसतो. पहिली तार पंचम, लय सर्वांत संथ, आवाज आपल्या गुणगुणण्यापेक्षा बारीक. फोनच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, म्हणून हवा तर लहान स्पीकर. इअरफोनच लावायचा तर एकाच कानात, आणि आजूबाजूचा आवाज गाळणारा नको. ट्रॅक आधी उतरवून ठेवा, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते.

पंपाशी भांडू नका, त्यालाच तानपुरा करा. त्याची गुणगुण विजेच्या ५० हर्ट्‌झच्या पटीत असते, बहुधा १०० च्या जवळ. पुरुषांना तो सूर लागतो, बायकांनी त्याच्या वरच्या सप्तकातला धरावा. जरा चुकलं तर दोन आवाजांत हेलकावा येतो. सूर किंचित वर-खाली करत तो मंदावत न्यायचा. थांबला की जुळला. लक्ष खिळवायला याहून सोपं काम सापडणार नाही. अलार्मची पिपाणी मात्र वेगळी, ती वाजली की सगळं सोडून उठायचं.

मंद्रसप्तक:
रात्री कूस बदलून झाल्यावर आवाज नको, बोटं आणि मनातलं सा-ता-ना-मा, झोप लागेपर्यंत.

एक पाहा. कुणी सलग दोन आठवडे झोपत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा 'आपण गेलेलं बरं' असं बोललं, तर तिथे ध्यान शिकवत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बैठकीच्या कागदावर हा नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात छापा. भ्रामरीची कृती त्याच्या खाली.