मदत हवी आहे: मेकॉलेचं 'ते' भाषण स्मरणिकेतून कसं काढू?

मंडळी, आमच्या शाळेची स्मरणिका छापायला जातेय आणि संपादकीयाच्या डोक्यावर चौकटीत मेकॉले बसलाय. तेच, सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेलं: मी हिंदुस्थानभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर इथली शिक्षणपद्धती बदला वगैरे. खाली 'लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५'. पिवळट कागद, टाइपरायटरची अक्षरं. (१८३५ साली टाइपरायटर! असो.)

हे बनावट आहे याबद्दल मला शंका नाही, तेव्हा 'गूगल करा' असे प्रतिसाद नकोत. मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ पर्यंत इकडेच होता. लंडनहून बोटीने यायलाच चार महिने लागायचे. बरं, त्या दिवशी पार्लमेंट भरलेलंच नव्हतं. तिकडे निवडणुका चालू होत्या, नवं सभागृह १९ फेब्रुवारीला भरलं. आणि 'लॉर्ड' तो झाला १८५७ साली.

गोची अशी की तारीख खरी आहे. २ फेब्रुवारी १८३५ लाच त्याने कलकत्त्यात शिक्षणावरचं ते टिपण लिहिलं. त्यामुळे कुणी तपासायला गेलंच तर मेकॉले सापडतो, शिक्षण सापडतं, तारीख जुळते, आणि गडी खूश होऊन परत येतो.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, मी त्यांचाच विद्यार्थी. सर म्हणाले, "बोलला नसेल कशावरून? आणि तू त्या गोऱ्याचं वकीलपत्र कधीपासून घेतलंस?" एका सदस्यांनी तर छापील पुस्तक आणून दाखवलं. त्यात संदर्भ म्हणून दुसऱ्या पुस्तकाचं नाव!

सरांना न दुखावता चौकट कशी काढू? त्या जागी काय टाकू?

पोटमाळा: काढू नका, बदला. खऱ्या टिपणातलं टाका. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोलाचं आहे, असं त्यात आहे. त्याच टिपणात आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हेही तो स्वतः सांगतो! वकीलपत्राचा आरोप तिथेच गळून पडेल. उलट सरांना सांगा, तुमच्या चौकटीतला मेकॉले आपलं कौतुक करतोय, खरा एवढा गोड नव्हता.

सांडगी मिरची: +१. रक्ताने हिंदी पण आवडीनिवडीने आणि मतांनी इंग्रज असा वर्ग तयार करायचा, हेही त्यातलंच. पण सर्वांसमोर काढू नका हा विषय. सरांच्या घरी जा, टिपणाची प्रत हातात द्या आणि मराठी अनुवाद त्यांनाच करायला सांगा.

धागाकर्ता: अनुवादाची कल्पना झकास, सर इंग्रजीच शिकवायचे. टिपणाचा पूर्ण मजकूर नेटवर मिळाला, उद्या संध्याकाळी प्रत घेऊन जातो. आता एकच अडचण: त्यातली वाक्यं लांबलचक आहेत आणि चौकटीत जेमतेम साठ शब्द मावतात. फडताळ ठेवू की 'रक्ताने हिंदी'?

पोटमाळा: फडताळ. दुसरं सगळ्यांना पाठ आहे. आणि मागच्या पानावर व.पुं.च्या नावाने काही असेल तर तेही एकदा बघून घ्या.