मदत हवी आहे : अडकलेली होडी ‘फास्ट’ कशी?

धीमी लोकल

नमस्कार मंडळी. प्रश्न लेकीचा आहे, पण अडकलेय मी.

लेक सहावीत, सेमी-इंग्रजीला. परवा रात्री वर्कशीट घेऊन स्वयंपाकघरात आली. ‘फास्ट’ शब्दाची सहा वाक्यं, प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहायचा. मी म्हटलं, फास्टच ना, त्यात काय विचारायचं? भाकऱ्या थापता थापता तोंडी सांगत गेले. मुलगा फास्ट पळतो : वेगाने पळतो. होडी चिखलात फास्ट अडकली : वेगाने अडकली. बाळ फास्ट झोपलंय : लवकर झोपलं. दार फास्ट बंद होतं : पटकन बंद झालं. शर्टाचा रंग फास्ट नाही : रंग लवकर जात नाही. सहावं वाक्य आजीच्या ‘फास्ट’चं होतं, ते सासूबाईंनी बाहेरून ओरडून सांगितलं, ‘अगं, उपास!’

काल वही परत आली. सहापैकी दोन बरोबर. एक पळणाऱ्या मुलाचं आणि दुसरं सासूबाईंचं. दहावी शिकलेल्या सासूबाई आणि बी. कॉम. झालेली मी, स्कोअर एक-एक. होडीच्या वाक्याखाली बाईंनी लाल पेनाने लिहिलंय, ‘वेगाने कशी अडकेल?’ खरंच, कशी अडकेल?

आम्ही कांजूरमार्गवाले. फास्ट म्हणजे जी लोकल आपल्याकडे थांबत नाही ती, एवढा एकच अर्थ जन्मापासून ठाऊक. आता डिक्शनरी उघडली तर त्यात ‘वेगवान’ पण आहे आणि ‘न हलणारा’ पण. हे काय गौडबंगाल आहे? आणि अकरा वर्षांच्या मुलीला मराठीतून कसं सांगू?

शिवाय तिचा उपप्रश्न. गणपतीत दादरला कुर्ता घेतला तेव्हा दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, ‘ताई, कलर एकदम फास्ट.’ पहिल्याच धुण्यात बाबांचे तीन बनियन गुलाबी. लेक विचारते, ‘म्हणजे फास्ट जाणार हे त्याने आधीच सांगितलं होतं का?’

जाणकारांनी प्रकाश टाकावा.


चौथी सीट

बनियनचं वाचून ऑफिसात हसलो, शेजारचे बघायला लागले.

मुळात मुंबईत फास्टचा वेगाशी संबंध आहे हेच अर्धसत्य. कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला पंधरा मिनिटं उभी असली तरी ती फास्टच. फास्ट म्हणजे गाळलेली स्टेशनं. सेमी फास्ट म्हणजे थोडी गाळलेली, डबल फास्ट म्हणजे माणुसकी सोडून गाळलेली. रविवारी मेगाब्लॉकला स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर वळवतात तेव्हा तुमचं कांजूर, नाहूर, विद्याविहार गळतं, कारण तिथे फास्ट ट्रॅकला फलाट नाही. गाडी नावाला स्लो, वागायला फास्ट.

होडीचं म्हणाल तर मला लगेच पटलं. २६ जुलै २००५ ला मी कल्याण फास्टमध्ये होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी जी उभी राहिली ती सकाळपर्यंत. पाणी फूटबोर्डाला लागलेलं, डब्यात दिवे नाहीत, आणि एका काकांनी पिशवीतून चकल्यांचा पुडा काढून सगळ्यांना एकेक वाटली. ती गाडी दोन्ही अर्थांनी फास्ट होती.


जुना मास्तर

ताई, वेग हा मूळ अर्थ आणि घट्ट हा नंतरचा असं आपण धरून चालतो, तिथेच गोंधळ होतो. क्रम उलटा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण ‘फॅस्ट’ असा होता आणि त्याचा अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ ‘फेस्ट’ आजही घट्टच आहे. (जर्मनमध्ये ‘फास्ट’ असाही शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जवळजवळ’. जर्मनच्या क्लासला जाणारे पहिल्या महिन्यात त्यावर हमखास घसरतात.) विमानात बेल्ट ‘फासन’ करायला सांगतात तो हाच शब्द. लिहिताना त्यात ‘ट’ असतो, बोलताना गिळतात. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे जागेला घट्ट, कारण ‘स्टेड’ म्हणजे जागा.

मग वेग कुठून आला? घट्ट धरणं, मग नेटाने लढणं, मग नेटाने धावणं. जो नेटाने धावतो तो वेगातच धावतो. होता होता नेट विसरला गेला आणि वेग उरला. इंग्रजीत ‘हार्ड’ची गत तीच. दगडही हार्ड आणि पळायचंही हार्ड.

आता मुलीला सांगायचं कसं. आपल्याकडे अगदी असाच शब्द आहे, ‘जोरात’. ‘दांडा जोरात धर’ आणि ‘जोरात पळ, गाडी सुटतेय’. पहिल्या वाक्यात जोर लागतो तो न हलण्यासाठी, दुसऱ्यात हलण्यासाठी. ही दोन वाक्यं आपण ठाण्याला चढताना एका दमात बोलतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

वर्गात मी एक युक्ती सांगायचो. फास्ट दिसला की आधी ‘घट्ट’ किंवा ‘पक्का’ ठेवून बघायचं. होडी घट्ट रुतली. दार घट्ट बंद. रंग पक्का. मित्र पक्के. बाळाला मात्र घट्ट झोप नसते, त्याला ‘गाढ’ लागते. ते मराठीचं स्वतःचं ऐकावं लागतं. वाक्यात धावणं, बोलणं, गाडी हाकणं असं काही चालू असेल आणि घट्ट बसत नसेल, तरच वेग.


सूक्ष्मदर्शी

मास्तरांना +१. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आमच्याकडे या शब्दाने माणसं रडवली आहेत.

टीबीसाठी थुंकी तपासतात त्या रिपोर्टवर ‘एएफबी’ असं असतं. लांब नाव ‘ॲसिड फास्ट बॅसिलाय’. या जंतूच्या भिंतीत मेणासारखा पदार्थ असतो. काचेवर त्याला लाल रंग चढवला की नंतर ॲसिड टाकून धुतलं तरी रंग सुटत नाही. बाकीचे जंतू फिके पडतात, हा लालच राहतो. म्हणून ॲसिड फास्ट : ॲसिडनेही रंग न सोडणारा. मागे एका पेशंटचा मुलगा रिपोर्ट हातात घेऊन काउंटरवर आला, डोळे भरलेले. ‘मॅडम, फास्ट लिहिलंय. म्हणजे बाबांचा आजार फास्ट वाढतोय का?’ त्याला बाकावर बसवून रंगाचं सगळं सांगितलं. टीबी आहे हे खरं, औषधं नेमाने सहा महिने घ्यावी लागतील, पण या फास्टचा आणि आजाराच्या वेगाचा काही संबंध नाही. तो जरा शांत झाला.

दुसरा घोळ ‘फास्टिंग’चा. साखरेच्या तपासणीला ‘फास्टिंग’ म्हणजे आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. दर आठवड्याला कुणीतरी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतं आणि छातीठोक सांगतं, ‘उपासच केलाय.’


रंगपंचमी

कापडाच्या धंद्यात तीस वर्षं गेली, म्हणून कुर्त्याबद्दल बोलतो.

आमच्यात ‘फास्ट कलर’ म्हणजे पक्का रंग, आणि पक्का कशाच्या पुढे हे विचारावं लागतं. धुण्याला पक्का वेगळा, घासण्याला वेगळा, उन्हाला वेगळा. धुण्याच्या चाचणीला १ ते ५ असे गुण देतात, ५ म्हणजे उत्तम. उन्हाची पट्टी १ ते ८ अशी, निळ्या लोकरीच्या तुकड्यांशी ताडून बघतात. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग असेल तर तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, म्हणून टिकतो. स्वस्तातला डायरेक्ट रंग धाग्यावर नुसता टेकलेला असतो. पाणी लागलं की निघाला प्रवासाला.

आणि ते मिठाच्या पाण्यात भिजवणं. प्रत्येक घरात करतात, पण कापड रंगवून झाल्यावर घरच्या मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही. दुकानातच पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर दुकानदार काहीही म्हणो.

लेकीला सांगा, त्याचं इंग्रजी बरोबर होतं. रंगाबद्दल तो खोटं बोलला.


साबुदाणा

सगळं कळलं, पण उपास यात कुठून आला? घट्ट आणि उपाशी?

अवांतर : फास्टॅगचा विचार करतेय. काचेला घट्ट चिकटलेला, आणि गाडी वेगात सोडतो. नाव ठेवणाऱ्याला हे सुचलं होतं का कोण जाणे!


जुना मास्तर

साबुदाणाताई, नियम घट्ट पाळणं, त्यातून आला. गॉथिक ही इंग्रजीची लांबची, आता मेलेली बहीण. तिच्यात ‘फास्तान’ म्हणजे राखणं, पाळणं, आणि उपास करणंही.

आपण तरी वेगळं काय म्हणतो? सोळा सोमवार ‘धरले’. चतुर्थी ‘धरली’. उपास ‘कडक’. धरायचं आणि कडक असायचं, म्हणजे घट्टच की. धरलेलं शेवटी सोडायचं असतं, म्हणून उपास ‘सोडला’. इथे मात्र मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. चंद्र बघून जेवलं तर उपास सोडला, आणि दुपारी विसरून लसणाची चटणी चाटली तर उपास मोडला. इंग्रजाला दोन्हीला एकच ‘ब्रेक’. रात्रभरचा उपास सकाळी सोडतो म्हणून ‘ब्रेकफास्ट’. नाक्यावरच्या उडप्याकडे इडली खाताना आपण रोज पारणं फेडत असतो.

अजून एक, संस्कृतवाल्यांसाठी. ‘लंघन’ म्हणजे उपाशी राहणं, हे आजारपणात आजीने ऐकवलेलं असतं. पण त्याचा दुसरा अर्थ ओलांडून जाणं, उडी मारणं. ‘उल्लंघन’ त्यातलंच. एका टोकाला रिकामं पोट आणि दुसऱ्या टोकाला झेप. या शब्दाचं इंग्रजी फास्टशी काही नातं नाही, वाट वेगळी आहे, पण मला हे जोडपं फार आवडतं.


चौथी सीट

उलट्या अर्थांचं निघालंच आहे तर, आपण देवापुढे नारळ वाढवतो म्हणजे फोडतो. बांगडी वाढवतो म्हणजे काढतो किंवा फुटते. दुकान वाढवतो म्हणजे शटर ओढतो. एखाद्या गोऱ्याच्या पोरीला हे वर्कशीटमध्ये द्यायला हवं. ‘दुकान वाढलं’ याचा अर्थ लिहा, आणि तिची आई सांगेल, दुसरी शाखा काढली.


साबुदाणा

आणि ‘पोरगा जरा जास्तच फास्ट आहे’ हे राहिलं. आमच्या चाळीत त्याचा अर्थ वेगवान नव्हता आणि घट्ट तर अजिबात नव्हता.


धीमी लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

काल रात्री मास्तरांचं ‘जोरात’ वापरलं. लोणच्याची बरणी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, झाकण जोरात लाव. लावलं. मग म्हटलं, आता जोरात जाऊन आजीला देऊन ये. गेली, आली, आणि दारातच थांबली. ‘दोन वेगळे जोरात आहेत!’ मी म्हटलं, एकच आहे, दोन कामं करतो. मग तिने स्वतःच वही उघडून होडी ‘घट्ट रुतली’ केली, दार ‘घट्ट बंद’ केलं, बाळाला ‘गाढ’ झोपवलं. रंगाला तिने लिहिलंय, ‘या शर्टाचा रंग कच्चा आहे, बाबांच्या बनियनबरोबर धुऊ नये.’ दुसरं अर्धं वाक्य वर्कशीटमध्ये नाही, पण मी खोडायला लावलं नाही.

रंगपंचमी, आज लंच टाइमात फॅशन स्ट्रीटला ओला रुमाल घेऊन गेले होते. तिसऱ्या स्टॉलवाल्याने ‘ताई, घासू नका’ म्हटलं तेव्हाच कळलं.

सूक्ष्मदर्शी, तो मुलगा डोक्यातून जात नाहीये. त्याचे बाबा बरे झाले असतील अशी आशा.

धागा इथेच वाढवणार होते (बंद करणार होते, चौथी सीट, हसू नका). पण आज नवी वर्कशीट आली आहे. पहिलंच वाक्य : माणूस ‘क्विकसँड’मध्ये फास्ट अडकला. लेकीने ‘फास्ट’ला बरोबर ‘घट्ट’ लिहिलं आणि आता पेन्सिल चावत बसली आहे. वाळू क्विक असेल तर माणूस घट्ट कसा, म्हणते.

मास्तर, आहात का?


जुना मास्तर

आहे. ‘क्विक’चा मूळ अर्थ जिवंत. पाऱ्याला म्हणून ‘क्विकसिल्व्हर’, जिवंत चांदी. क्विकसँड म्हणजे पायाखाली जिवंत असल्यासारखी हलणारी वाळू. नखाखालच्या हुळहुळत्या मांसालाही ‘क्विक’च म्हणतात. मुलीला नख जरा खोल कापून बघायला नका सांगू, नुसतं दाखवा.